वाढणारी सोडून सगळे

माझी बायको हरणाबाई सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवत नसे. मी फौजेतून सुट्टीवर आलो की म्हणायचो, "बस की बरोबर." ती म्हणायची, "सगळ्यांचं होऊ दे." एकदा मी विचारलं, "सगळ्यांत तू न्हाईस व्हय?" ती म्हणाली, "मी कशी असंन? मी वाढणारी." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी हवालदार होतो. फौजेत रोज गिनती होते. गिनती करणाऱ्याला गिनतीत धरायचं की नाही, याचा फौजेत नियम आहे. आमच्या घरात तो नव्हता.

ती चौऱ्याहत्तर साली गेली. पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध घातलं. आमचं गाव वडूजच्या बाजूला, कोरडवाहू. मुलगा लालासाहेब फौजेत सरहद्दीवर, त्याला रजा मिळाली नाही. सून विजयमाला घरी होती. थोरली बहीण आक्काताई आली. तिचा मुलगा जालिंदर सांगलीहून एसटीने आला. तो शाळेला आमच्याकडे होता, हरणाबाईच्या हातचं खाऊन मोठा झाला. आता सांगलीला कॉलेजात लॉजिक शिकवतो. बाकी भावकी होती. त्यात माझा चुलतभाऊ नाथाजी.

आमच्याकडे श्राद्धाला गेलेल्या माणसाचं पान आधी वाढतात आणि माळवदाच्या छपरावर ठेवतात. कावळा पानाला शिवला की ते माणूस जेवलं. तोवर घरात कोणी जेवत नाही. मी सकाळीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "जन्मभर ती शेवटी जेवली. आज ती आधी जेवंल. ती जेवल्याबिगर मी घास घेणार न्हाई." एकदा तरी तिनं सगळ्यांच्या आधी, गरम आणि पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं.

पान ठेवलं. कावळा आला, पण परसातल्या कडुलिंबावर बसला. तिथून पानाकडे बघत राहिला. खीर निवली.

कावळा शिवत नाही म्हणजे माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं धरतात. मग ती इच्छा ओळखून मोठ्यानं कबूल करायची. आक्का अंगणात उभी राहून म्हणाली, "हरणे, लालाला चिठ्ठी धाडून बोलवून घेतो गं." कावळा हलला नाही. नाथाजी म्हणाला, "वैनी, म्हस इकत न्हाई. या." मी म्हशीचं काहीच बोललो नव्हतो, पण आता कबूल झालं होतं. कावळ्याने चोच फांदीला पुसली.

"दर्भाचा कावळा करू, सया," आक्का मला म्हणाली. "त्यो शिववायचा आन् मोकळं व्हायचं."

"दर्भ जेवत न्हाई," मी म्हणालो.

ऊन चढलं. माणसं भिंतीच्या सावलीला सरकली. नाथाजीने जालिंदरला गाठलं. "भाच्या, तू कालेजात शिकवतोस ते काय असतं?"

"कशावरनं काय निघतं ते."

"म्हंजी भांडणं."

"भांडणं न्हाईत, आवं. त्यात पायऱ्या हायत. खालच्या पायरीवर अख्खी वाक्यं जोडायची. पाऊस आला तर ज्वारी येती, असं. वाक्याच्या पोटात काय हाय ते तिथं दिसत न्हाई. वरच्या पायरीवर वाक्य उघडायचं. आत 'सगळे' हाय का 'कोणतरी' हाय ते बघायचं. आन् सगळे म्हंजी कुणातले सगळे, ते आधी ठरवायचं. ही पायरी मी शिकवतो. हिलाच पहिली म्हणत्यात."

"खाली एक असून ही पहिली?"

"व्हय. हिच्या वर बी हायत. तिथं माणसांबद्दलच न्हाई, माणसांच्या गुणांबद्दल बी 'सगळे' म्हणता येतं. पण तिथं जे कायम खरं, ते सगळं सिद्ध करता येईलच याची हमी न्हाई. आमच्या पायरीवर ती हमी हाय."

"हमी हाय तर कावळा उतरव," नाथाजी म्हणाला.

भावकी हसली. जालिंदर हसला नाही. लहानपणीही त्याला चिडवलं की तो गप्प बसून विचार करायचा. थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला.

"मामा, मामीचा नियम काय व्हता? सगळे जेवल्याबिगर ती जेवत नव्हती. सगळे म्हंजी तिला सोडून सगळे. आपला आजचा नियम काय? ती जेवल्याबिगर सगळ्यांत कोणीच जेवायचं न्हाई. दोनी नियम एकदम धरा."

"मग?"

"मग कोणीच जेवत न्हाई."

"म्हंजी कायतरी चुकलं," आक्का म्हणाली.

"चुकलं न्हाई, आये. दोनी नियम एकदम पाळता येत्यात. फक्त सगळ्यांनी उपाशी राहायचं."

नाथाजी उठून उभा राहिला. "तिसरा नियम माझा. कोणीतरी जेवलं पायजे."

"आता मातुर जुळत न्हाई," जालिंदर म्हणाला. "तीनातला एक सोडावा लागंल."

"माझा सुटणार न्हाई," नाथाजी म्हणाला.

मी म्हणालो, "तिचा सोडा. ती आता वाढत न्हाई."

"तिचा सोडायचा तर तिला इच्चारावं लागंल," जालिंदर म्हणाला. "तसं इच्चारून झालंय, मामा. ती लिंबावरनं हलंना."

मी शिडी चढून पानाकडे बघितलं. खिरीवर साय धरली होती. हरणाबाईने जन्मात कुणाआधी घास घेतला नाही, आणि मी तिला मेल्यावर घ्यायला लावत होतो. मी खाली येऊन म्हणालो, "बसा पंगतीला."

आक्का म्हणाली, "गाव काय म्हणंल?"

"गावच बसतंय," नाथाजी म्हणाला. तो बसलासुद्धा होता.

मी कोणालाही वाढू दिलं नाही. आमटीची बादली हातात घेतली. विजयमाला मागं उभी होती, तिलाही पंगतीत बसवलं. भात, आमटी, भोपळ्याची भाजी, वडे, खीर, सगळं मी फिरवलं. वाढणाऱ्याला फक्त पानं दिसतात, माणसं दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. नाथाजीने वडे तीनदा मागितले. पंगत उठली, हात धुतले. सगळ्यांनी वर बघितलं. कावळा लिंबावरच होता.

"आता काय म्हणणं हाय तुझ्या पायरीचं?" नाथाजीने ढेकर देऊन विचारलं.

"सगळे जेवले?" जालिंदरने विचारलं.

"सगळे जेवले," मी म्हणालो.

"न्हाईत. 'सगळे' खोटं पडायला एक माणूस पुरतो. तुमी राहिलाय."

"मी कसा असंन?" मी म्हणालो. "मी वाढणारा."

बादली माझ्या हातात होती. विजयमाला आली आणि ती तिनं काढून घेतली.

मी चुलीपाशी बसलो. शेवटी काय उरतं ते मी कधी बघितलं नव्हतं. भाताची खरवड होती. आमटी गार होती आणि तिच्यात तळाची डाळ बसली होती. वड्यांचा चुरा होता, तो नाथाजीच्या नजरेतून सुटलेला. खीर पातेल्याला बोट लावून घ्यावी लागली. मी पोटभर जेवलो.

बाहेर आक्का ओरडली, "शिवला! शिवला!"

मी गेलो तेव्हा कावळा वडा घेऊन उडाला होता.

"बघ, आली का न्हाई मामी?" नाथाजी म्हणाला.

"यावरनं काय सिद्ध होत न्हाई," जालिंदर म्हणाला. "अंगण मोकळं झालं म्हणून बी उतरला असंल."

"मेल्या, गप बस," आक्का म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

दुपारनंतर मी जालिंदरला फाट्यावर पोचवायला गेलो. एसटीला वेळ होता. तो म्हणाला, "वर्गात 'सगळे' शिकवताना मी मामीचंच उदाहरण देतो. घरातले सगळे जेवले, तर घरातलं कोण राहिलं?"

"पोरांना उत्तर येतं?"

"येतं. परीक्षेत बरोबर लिवत्यात."

"आन् घरी?"

"घरी जाऊन जेवायला बसत्यात."

एसटी आली. तो खिडकीशी बसला, पण हात हलवायचं विसरला. त्याला विचार लागला की असं होतं.

संध्याकाळी विजयमालाने माझं ताट वाढलं आणि चुलीकडे वळली. मी म्हणालो, "आणखी एक ताट घे."

तिनं ताट काढलं, पुसलं, माझ्यासमोर ठेवलं. मग दाराकडे बघून विचारलं, "मामंजी, कोण आलंय?"