तीनदा परत आलेलं पत्र

कुठल्याही कचेरीत जा, एक माणूस असा असतोच की ज्याच्यावाचून तिथलं पान हलत नाही आणि ज्याला सभेत कुणी तोंड उघडू देत नाही. या कचेरीत ती ‘सर्व्हरताई’ होती. समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयाची संगणकयंत्रणा ती सात वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती, तीही कंत्राटावर. आता तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे कचेरीत चालणाऱ्या इंग्रजीच्या वरच्या वर्गाच्या निकालावर ठरणार होतं.

साहेबांचा नियमच होता. कामाच्या जागी फक्त इंग्रजी, आणि रुग्णालयाला जाणारं प्रत्येक पत्र आधी साहेबांनी तपासायचं. घरची भाषा तोंडातून निघाली की फळ्यावर नाव! केस पिकलेली माणसं शाळकरी पोरांसारखी फळ्याकडे बघत कुजबुजायची. हसू येतं ना? पण आपल्यापैकी किती जणांनी असा फळा मनात टांगून ठेवलाय, तेही एकदा बघा.

सोमवारी सकाळी ताईला दिसलं, की रोजची बॅकअपची, म्हणजे नोंदींची राखीव, प्रत चार दिवस रिकामी निघतेय. पडद्यावर हिरवी खूण, आत काहीच नाही. त्यात मुख्य यंत्राची डिस्क आधीच कुरकुरत होती. ती बंद पडली, तर रुग्णांच्या नव्या नोंदी कायमच्या जाणार होत्या. ताई धावतच केबिनमध्ये गेली.

“साहेब, बॅकअप...”

“इन इंग्लिश, प्लीज!”

“सर, बॅकअप इज... एम्प्टी... फोर डेज...”

“हे काय इंग्रजी झालं? नीट वाक्यात लिहून आणा.” हे मात्र साहेब घरच्या भाषेत बोलले. फळा त्यांना लागू नव्हता.

तिनं लिहिलं. पत्र लाल शाईनं रंगून परत आलं. मंगळवारी दुसरं परत आलं: “सूर उद्धट वाटतो.” बुधवारी तिसरं: “तातडीचा शब्द काढा, ग्राहक घाबरतात.” रुग्णालयाच्या होकाराशिवाय यंत्राला हात लावता येत नव्हता; त्यांना परस्पर कळवावं, तर नोकरी जाणार. ताईनं मान खाली घातली आणि चौथं पत्र लिहायला घेतलं.

गुरुवारी सकाळी डिस्क गेली.

सात दिवसांच्या नोंदी गेल्या. त्यात एका बाईंना कोणतं औषध सोसत नाही, हेही लिहिलेलं होतं. तेच औषध त्यांना दिलं गेलं. बाई वाचल्या, पण त्यांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली.

“तुम्हाला दिसलं होतं, तर बोलला का नाहीत?” शनिवारी साहेब सगळ्यांदेखत कडाडले.

ताईनं तीन कागद टेबलावर ठेवले. वर्ग घ्यायला आलेल्या इंग्रजीच्या बाईंनी ते उचलले आणि शांतपणे वाचले.

“साहेब, पहिल्या पत्रात सहा चुका आहेत. पण प्रत रिकामी आहे, डिस्क खराब आहे, आजच बदला, हे पहिल्या दोन ओळींत स्वच्छ कळतं. तुम्हाला कळलं नाही?”

साहेबांनी पहिलं पत्र हातात घेतलं. “मी... मी चुकाच शोधत होतो.”

“मी तीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. ताईंनी शिकायलाच हवं, त्यावाचून जगाशी कामाचं बोलणं अडतं. पण चुका काढायला माझा वर्ग आहे ना! आग लागली म्हणून कुणी ओरडत आलं, तर तुम्ही आधी त्याचे उच्चार तपासणार का?”

साहेबांनी तिथल्या तिथे रुग्णालयाला फोन लावला आणि ताईला बोलायला सांगितलं. रिकाम्या प्रतीचं तिनं अडखळत, तुटक सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरांना शब्द न् शब्द कळला. त्यांनी एकच विचारलं, “हे तुम्हाला कधी समजलं होतं?”

“मंडे,” ताई म्हणाली.

मग साहेब पुढे झाले. “तिनं मला तीनदा सांगितलं होतं. दोष माझा आहे.”

फोन ठेवून ते ताईकडे वळले. “ताई, मला माफ करा.”

“माझी कशाला? रुग्णालयातल्या त्या बाईंची मागा. तुमचं इंग्रजी त्यांना छान कळेल.”

साहेबांनी फळा उतरवला. ताई कायम झाली, वर्गालाही जाते, पण कचेरीत पूर्वीसारखी हसत नाही. वाचकहो, इंग्रजी शिका, मन लावून शिका. मात्र समोरचा अडखळला, तर त्याला हसण्याआधी तो काय सांगतोय ते ऐका. आपण ऐकलं नाही, तर त्याची किंमत भलत्याच कुणाला तरी मोजावी लागते.