उर्वशीच्या खेळातली रापण

माझ्या पाठीमागच्या चार स्क्रूंपैकी दोन गंजून बसले आहेत. बाकीचे दोन चमकतात, कारण माझं झाकण उघडताना तेवढेच काढले जातात. मित्रांनो, मी मालवण बंदराजवळच्या सायबर कॅफेतला एक जुना संगणक आहे. खारा वारा मला कधी मानवला नाही.

२००३ साली कॅफेचा मालक नितेश याने मला आणलं. त्याची धाकटी बहीण उर्वशी भौतिकशास्त्र शिकलेली. तिने आम्हा चार संगणकांना तारेने जोडलं आणि एक खेळ रचला. पडद्यावर समुद्र, प्रत्येकाची एक होडी. एकट्याला मासळी थोडी. एकजूट करून दोर ओढला तर जाळं भरून.

"हात लायलो काय वाटो गावता, असा ठेव," नितेश म्हणाला. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, म्हणजे रापणीत, तसंच असतं. जो दोर धरील त्याला वाटा. मुलांच्या रांगा लागल्या. माझंही कौतुक झालं.

पण एकजुटीत शिरायची सोय होती, बाहेर पडायची नव्हती. रापण सोडणारा माणूस या भावंडांनी पाहिलाच नव्हता. दोर धरला की वाटा ठरलेलाच, म्हणून सगळे नुसते दोर धरून बसू लागले, ओढीना कुणीच. एकटाच ओढून रुसलेला तिथेच अडकून राही.

"दादा, सुटूचो नियम घालूक होयो."

"रापण सोडून कोण जाता गो? गेलो तर त्येका चाय कोण दितलो?"

दोघं हसली. नियम राहून गेला.

मुलं यायची थांबली. मी दिवसभर रिकामा समुद्र दाखवत घरघरत असे. उर्वशीला पणजीच्या एका प्रयोगशाळेने दोनदा नोकरीसाठी बोलावलं होतं. ती गेली तर आम्हाला दुरुस्त करणारं कुणी उरत नव्हतं. नितेशला सांगायला ती तोंड उघडी आणि माझ्या पंख्यातल्या धुळीबद्दलच बोले. तीही माझ्यासारखीच थकली होती.

मित्रांनो, आमची धूळ जरूर पुसा. पण कुणाला जोडताना तार कुठून सोडवायची तेही ठरवून ठेवा. हिसकलेली तार तुटते.

२०१० च्या उन्हाळ्यात उर्वशीने तो नियम लिहिला: सोडणाऱ्याने आपला वाटा घ्यावा, दोर बाकीच्यांच्या हाती राहावा. दोघं चाचणीला बसली. तिची होडी अलगद बाजूला झाली.

"जाळा फाटला नाय," नितेश म्हणाला. "बरो आसा गो नियम."

उर्वशीने माझ्या कीबोर्डावरून हात उचलले.

"दादा, माका पणजेक नोकरी गावली हा. मी जातंय."