पोट फुगलेला मास्तर

मी एक जुना मोबाइल आहे, आणि माझं पोट फुगलं आहे. हसू नका, मित्रांनो! दुखणं बॅटरीचं आहे, चेष्टेवारी नेण्यासारखं नाही.

इचलकरंजीच्या सुलतानबींनी मला जुन्या बाजारातून आणलं. त्या यंत्रमागावर पाळीला गेल्या की मी त्यांच्या लेकीच्या, मुस्कानच्या ताब्यात. गल्लीतली पोरं वह्या घेऊन यायची. कुणाचे अपूर्णांक, कुणाचा हिंदीतला अर्ज, कुणाला कृष्णेच्या उपनद्या हव्या. विचारलं की मी उत्तर शोधून द्यायचो. सगळे मला 'मास्तर' म्हणायचे. काय रुबाब होता माझा! पण मास्तर दमतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला उशीखाली चार्जिंगला लावायचे, तापलो तरी काढायचे नाहीत. हळूहळू पोट वर आलं, पाठीचं झाकण उचललं. पोरांनी त्यावर रबरबँड चढवलं.

मघाशी मुस्कानने विज्ञानाचा प्रश्न विचारला : खराब अन्नाचा बंद डबा का फुगतो? मी मोठ्यानं वाचून दाखवू लागलो, ती खाली मान घालून लिहू लागली. मी फुगीर पाठीवर डुलत होतो, म्हणून शेजारची स्नेहल मात्र वैतागली.

"किती डुलतोय ह्यो! पोटात हवा भरलीया. थांब, टोचून काढतो."

तिनं मला पालथं घातलं आणि कर्कटकाचं टोक पोटावर टेकवलं. मी पार घाबरलो. टोक आत गेलं असतं तर भडका उडाला असता, आणि पोरींची तोंडं अगदी जवळ होती. ओरडावंसं वाटत होतं, पण आम्हाला विचारलं तेवढंच बोलता येतं. मी उत्तर वाचत राहिलो. "आत वायू साठून दाब वाढतो. असा डबा दाबू नये, टोचू नये."

मुस्कानचं पेन थांबलं. तिनं वर पाहिलं.

"आगं, सोड ते कर्कटक! सोड की!"

तिनं स्नेहलचा हात ओढला, बटण बंद करून चार्जिंगची वायर काढली आणि मला दाराबाहेर वाळूच्या घमेल्यात ठेवलं. दोघी लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं गणित ऱ्हायलं की गं," स्नेहल रडवेली झाली.

"ऱ्हाऊ दे. हात जाग्यावर हायती न्हवं? चल, डोक्यानं सोडवू."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मोबाइल फुगला तर तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा. सुलतानबी आल्या की मला दुरुस्तीवाल्याकडे देतील. मी परत येईन असं वाटत नाही.

आतून दोघींचं गणितावरून भांडण ऐकू येतंय. उत्तर मला येतं, पण कुणी विचारत नाही. बरं झालं.