मोटरीची धार

आईच्या खोलीतला लोखंडी पलंग विकायला मुकुंद छावणी भागातल्या भंगारवाल्याकडे गेला होता. पलंग टेम्पोतून उतरवला आणि त्याच टेम्पोतून नावेला लावायची एक जुनी, छोटी मोटर घेऊन तो औरंगपुऱ्यातल्या घरी आला. का घेतली, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. विचारणारंही कुणी नव्हतं.

मुकुंदनं लग्न केलं नव्हतं. विमा कंपनीतली नोकरी आणि अंथरुणाला खिळलेली आई यातच त्याची इतकी वर्षं गेली. दिवसभर आईजवळ आशाबाई असायच्या. त्या फुलंब्रीहून यायच्या आणि संध्याकाळच्या बसनं परत जायच्या. ती बस चुकू नये म्हणून मुकुंद ऑफिसातून तडक घरी यायचा. सहकारी चहाला थांबवायचे तर म्हणायचा, "घरी वाट बघताहेत." मागच्या हिवाळ्यात आई गेली. पाठोपाठ तोही निवृत्त झाला. आता घाई कसलीच उरली नव्हती.

मोटर आणली त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. मागच्या अंगणातला मोठा निळा ड्रम त्यानं काठोकाठ भरला. विटांच्या दोन थप्प्यांवर जाड फळी बांधली आणि मोटर फळीला अशी आवळली, की तिचा खालचा भाग पाण्यात बुडेल. भंगारवाल्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. ही मोटर खालून पाणी ओढते, इंजिनभोवती फिरवते आणि मागच्या बारीक भोकातून बाहेर टाकते. ती धार दिसली पाहिजे. नाही दिसली तर लगेच बंद करायची, नाहीतर इंजिन तापून जाम होतं.

दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तेव्हा कुठं मोटर सुरू झाली. अंगण धुरानं भरलं. मुकुंद वाकून भोकाकडं बघत राहिला. धार नव्हती. त्यानं घाईनं मोटर बंद केली. बारीक तार आणून भोकात फिरवली, तर कुंभारमाशीनं भरलेली वाळकी माती भुरभुर बाहेर आली. पुन्हा सुरू केली. आधी चिखलाचे दोन थेंब पडले, मग बोटभर लांब धार, आणि मग ती कमान करून थेट भिंतीवर जाऊन पडली. त्यानं धारेखाली हात धरला. कोमट लागली.

"आई, आलं बघ पाणी!" तो घराकडं वळून ओरडला.

ओरडल्यावर तो तसाच उभा राहिला. मोटरीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसणार, म्हणून त्याला बरं वाटलं.

पैठणच्या वाटेवर, नाथसागराच्या काठाला भंगारवाल्याच्या ओळखीचा कडूबा नावाचा मासेमार राहायचा. त्याच्याकडं एक जादा होडी होती. रविवारी ती न्यायची असं फोनवर ठरलं. मुकुंद गाडीत मोटर टाकून पोचला तेव्हा घराला कुलूप होतं. फोन लावला तर पलीकडून बँडचा आवाज आला. "आमी सगळे लग्नाला आलोय, साहेब," कडूबा ओरडून बोलला. "होडी खाली बांधलीय. न्या बिनघोर."

मोटर लावून मुकुंद निघाला. वल्हं झोपडीच्या कुडाला टेकवलेलं होतं, ते घ्यायचं त्याला सुचलंच नाही. पाणी मोठं होतं आणि सगळीकडं उजेड होता. तो सारखा मान वळवून मागं बघायचा. धार पडत होती. हळूहळू त्यानं मागं बघणं सोडलं. बगळ्यांचा एक थवा अगदी डोक्यावरून गेला. कितीतरी वर्षांनी आपण एवढं लांबवरचं काही बघतोय, असं त्याला वाटलं.

जळका वास आला तेव्हा त्यानं मागं पाहिलं. धार बंद झाली होती.

मोटर बंद केल्यावर एवढी शांतता झाली की होडीच्या बुडाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. काठ लांब होता आणि वारा त्याला आणखी लांब नेत होता. मोटर थंड होईपर्यंत थांबू म्हणून तो बसून राहिला. ऊन कललं आणि जुन्या सवयीनं त्यानं घड्याळ बघितलं. आशाबाईंची बस चुकेल. तो अर्धवट उठलासुद्धा. होडी डुगडुगली, तसा तो मटकन खाली बसला. आता कुणाची कसली बस? आज आपण परत गेलोच नाही तर कुणाला कळेल, याचा तो विचार करू लागला. दुधाच्या पिशव्या दाराला लटकत राहतील. तेवढंच.

त्यानं फोन काढला. बहीण, उमा, बंगळूरला. तिथून ती घाबरण्यापलीकडं काय करणार? त्यानं आशाबाईंना फोन लावला. आईच्या तेराव्यानंतर बोलणं झालं नव्हतं.

"दादा? बरे हायेत ना तुमी?"

"मी होडीत आहे, आशाबाई. नाथसागरात. मोटर बंद पडलीय."

"होडीत? संगं कोण हाय?"

"कुणी नाही."

"पोहता येतं का तुमाला?"

"नाही."

"मंग उभं राहू नका. जे करायचं ते बसून करा. फोन चालू ठेवा, मी हाय."

मोटर उचलून खालची, पाणी ओढायची जाळी बघायला हवी होती, हे मुकुंदला मघापासून कळत होतं. पण मागं ओणवं व्हायचा धीर होत नव्हता. आता त्यानं फोन स्पीकरवर करून खिशात ठेवला आणि गुडघ्यांवर सरकला.

"हळू," खिशातून आवाज आला. "घाई नाय. अजून हळू. हां."

आईला कुशीवर वळवताना त्या अशाच बोलायच्या. मुकुंदनं मोटर वर ओढली. जाळीला शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गच्च चिकटला होता. त्यानं तो नखांनी खरवडून काढला, मोटर पाण्यात सोडली आणि दोरी ओढली.

"आलं का पाणी?"

"नाही अजून... थेंब पडताहेत... आली! धार आली, आशाबाई!"

"मंग निघा आता. इथली आजी उठली, मला जायला पायजे. ठेवते." फोन बंद झाला. त्यांनी दुसरीकडं काम धरलंय, हे त्याला आता कळलं.

काठ येईपर्यंत त्यानं धारेवरची नजर काढली नाही. होडी बांधली, मोटर कडूबाच्या पडवीत ठेवली. मोटरीतला पाणी ओढणारा रबरी पंखा तापला होता, तोही बदलून घ्यावा लागणार होता. त्यासाठी पुन्हा यायचंच होतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. ओली पँट त्यानं अंगणातल्या दोरीवर टाकली, एकट्यापुरता भात कुकरला लावला. शिट्टीची वाट बघत असताना फोन वाजला.

"पोचले का घरी?" आशाबाईंनी विचारलं. मागं बसचा खडखडाट होता.

"पोचलो."

"जेवले?"

"भात लावलाय."

"बरं," त्या म्हणाल्या. आणखी काही बोलतील म्हणून मुकुंदनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पण बस घाटाकडं वळली असावी. आवाज तुटत तुटत गेला आणि स्वयंपाकघरात फक्त कुकरची धुसफूस उरली.