पाच मीटरचा भोंगा

नदीचा धोका पाच मीटरवर तुम्ही ठरवलात साहेब, आणि खाली पूल बांधून नदी तुंबवलीत तीही तुम्हीच!

संघपालनं हे तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. पूर केंद्रावरचा ऑपरेटर तो, नोकरीला जपणारा माणूस. तिथला प्रोग्राम जुना, पास्कल भाषेतला. नदीतल्या पट्टीवर पाणी बघायचं, आकडा मशीनमध्ये भरायचा. पाचाच्या वर गेला की खालच्या टोल्यात, नदीकाठच्या वस्तीत, भोंगा. तो पाच म्हणजे स्थिरांक. चालत्या प्रोग्राममध्ये त्याला कोणी हात लावू शकत नाही. बदलायचा तर मूळ प्रोग्राम उघडून नव्यानं बांधावा लागतो, आणि मूळ प्रोग्राम तुमच्या कपाटात.

"चार करून द्या साहेब. पुलाच्या भरावानं पानी चारवरच घरात घुसून राह्यलं."

"वरून आदेश येऊ दे."

आदेश आला नाही, पाणी आलं. भोंगा वाजला तेव्हा टोल्यातल्या मंगलीची चूल बुडाली होती. तिची पोरगी बुधरी शेळ्या सोडायला गेली, ती गेलीच. पूर्वी पाणी चढलं की टोल्यातला एक म्हातारा काठावर बसून ढोल वाजवायचा. भोंगा आला आणि ढोल खुंटीला गेला.

मंगली केंद्रावर आली. रडली नाही.

"काऊन भाऊ, तुयी मशीन झोपली होती का?"

"नाई बाई. तिले पाचच समजते."

"मंग तुले तं चार समजते ना?"



यंदा भर दुपारी पाणी चारवर चढलं. स्थिरांक हलणार नव्हता. आकडा भरणारी बोटं मात्र त्याची होती. त्यानं साडेपाच भरले.

सोबतची रिना ओरडली, "भाऊ, खोटं भरून राह्यले तुमी! नोकरी जाईन!"

"नदी तं खरी भरून राह्यली ना, पोरी."

भोंगा वाजला. अख्खा टोला शेळ्यांसकट टेकडीवर चढला. मागे घरं बुडाली, माणूस एकही नाही.

चौकशीत तुम्हाला दिसलं ते एवढंच: पट्टीवर चार, मशीनमध्ये साडेपाच. खोटी नोंद. संघपाल निलंबित.

मंगलीनं खुंटीवरचा ढोल काढून त्याच्या हातात दिला. आता तो काठावर बसतो, मांडीवर ढोल, नजर पट्टीवर.

खोट्या आकड्यासाठी तुम्ही त्याला घरी बसवलंत. खऱ्या आकड्यानं बुधरी गेली, तेव्हा कोणाला बसवलंत? उत्तर द्या साहेब.