हजेरी माझ्या नावावर

फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. मी ओसरीत बाजेवर बसलो होतो, डावा पाय प्लास्टरमध्ये. माझी मुलगी सृष्टी शाळेला निघाली होती, तिनंच फोन उचलला. पलीकडे राजरत्न होता, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सृष्टीनं ऐकलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

"दाजी, अक्का पडली," तो म्हणाला. "ट्रकाच्या फळीवरून. मोळी डोक्यावरच व्हती."

मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात नेलं.

"न्हाई दाजी. आता दवाखाना न्हाई."

आमच्या राणीसावरगावातून दर दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं ऊस तोडतात, बायको मोळ्या बांधते, मग त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायच्या. मुकादमाच्या वहीत मात्र कोयत्यापुढं एकच नाव असतं, नवऱ्याचं. अकरा वर्षं तिथं माझं नाव होतं. दरवर्षी मी ती वही पाहत होतो. तिथं अजून एक नाव पाहिजे, असं मला एकदाही वाटलं नाही. ते माझं चुकलं, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी पालमला एका घराच्या स्लॅबवरून पडलो. नडगी दोन जागी मोडली. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन झाली होती, त्यामुळं कोयता जाणं भाग होतं. माझी बायको सुकेशनी म्हणाली, मी राजरत्नला जोडीला घेते. मुकादम दत्तराव म्हणाला, चालतंय, नाव तेच राहू द्या, वही कशाला खोडायची. मीही हो म्हणालो. निघताना सुकेशनीनं सृष्टीच्या पेनानं माझ्या प्लास्टरवर ते काढायची तारीख लिहिली. म्हणाली, त्या दिवशी फोन करते, मला नाचून दाखवा.

ती तारीख यायच्या आधीच तिला जीपमधून घरी आणलं. सोबतचे कागद कानडीत होते. गावातल्या बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. मला दोघांनी काखेत धरून उभं केलं होतं.

तिच्या जलदानविधीच्या दिवशी दत्तराव आला. त्यानं फोटोला फूल वाहिलं, पंगतीत बसून जेवला. मग खिशातून कागद काढून माझ्यापुढं धरला. मी तो सृष्टीला वाचायला दिला. मयत ही आपल्या भावाला भेटण्यासाठी आली होती, ट्रकजवळ पाय घसरून पडली, ती कामावर नव्हती, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"काका," सृष्टी म्हणाली, "ह्याच्यात आईचं नावच न्हाई. नुसतं मयत लिव्हलंय."

दत्तराव म्हणाला, नाव टाकता येईल, त्यात काय. मग माझ्याकडं वळला. "सही कर, सिद्धोधन. उचल माफ."

"आन न्हाई केली तर?"

"तर उचल फिटंस्तवर कोयत्याला यावं लागंल. तू लंगडा. जोडीला कोण? पोरगी हाय की, सोळाची झाली."

पंगतीतली माणसं ताटात बघत जेवत होती. मी सृष्टीच्या हातून कागद घेतला, त्याची घडी केली आणि दत्तरावच्याच खिशात परत घातला. म्हणालो, "अडीच महिने पाहुणी म्हणून कुणी ऊस तोडत न्हाई. उचल मी फेडीन. पोरगी मिळणार न्हाई, सही बी मिळणार न्हाई."

तो गेला. जाताना राजरत्नला बाहेर बोलावून म्हणाला म्हणे, दाजीला जरा समजावून सांग. राजरत्ननं मला काही समजावलं नाही. प्लास्टर निघालं तशी आम्ही दोघांनी कर्नाटकाची एसटी धरली.

साखर कारखान्याच्या दाराबाहेर एका चहावाल्याला मराठी येत होतं. त्यानं पोलिसांचा कानडी कागद वाचून सांगितला. सुकेशनीचं नाव बरोबर होतं. धंदा म्हणून लिहिलं होतं, घरकाम.

आतल्या कारकुनालाही मराठी समजत होतं. त्यानं यादी काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सिद्धोधन, एक कोयता, ती पडली त्या दिवसापर्यंत रोज हजर. त्यानं विचारलं, मग तुमचा कोणता माणूस मेला? यादीतला माणूस तर समोर उभा आहे. मागं उभा असलेला शिपाई हसला. मला हसणाऱ्याचा राग आला नाही. ती यादी अशी व्हावी म्हणून मीच मान हलवली होती.

मी पिशवीतून एक्स-रे काढला, गंगाखेडच्या दवाखान्याची चिठ्ठी काढली, दोन्ही टेबलावर ठेवली.

"साहेब, हा पाय त्या अडीच महिन्यांत बाजेवर होता," मी म्हणालो. "ऊस मात्र तुमच्या वजनकाट्यावर रोज आलाय. माझ्या नावावर तो कुणी तोडला, तेवढं लिहून द्या."

कारकुनानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाला, याद्या मुकादम देतो, कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही. मी म्हणालो, मग मी बसतो. तीन दिवस आम्ही फाटकापाशी बसलो. चहावाल्यानं बाकडं दिलं. तिसऱ्या दिवशी कारकुनानं आमचा अर्ज घेतला आणि आमच्या प्रतीवर मिळाल्याचा शिक्का मारला. अर्ज सृष्टीनं लिहिला होता. पहिल्याच ओळीत आईचं पूर्ण नाव होतं आणि पुढं ऊसतोड कामगार.

पुढची दिवाळी जवळ आली तसा मी कुबडी घेऊन गावात घरोघरी फिरलो. बायकांना सांगितलं, वहीत आपलं नाव घातल्याशिवाय ट्रकात चढू नका. पुरुषांनी चेष्टा केली. एक जण म्हणाला, बायकोचं नाव लिव्हल्यानं ऊस लवकर तुटतो व्हय?

"ऊस तेवढाच तुटतो," मी म्हणालो. "पर बायको मेल्यावर पाहुणी ठरत न्हाई."

त्यानं बायकोचं नाव काही घातलं नाही.

निघायच्या दिवशी शाळेजवळ ट्रक लागला. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळं चढलं. नर्मदाबाई खालीच थांबली. तिची पस्तीस वर्षं उसाच्या फडात गेलेली. दत्तरावला म्हणाली, "आधी माजं नाव लिव्ह, मग पाय टाकते."

"मावशे, मालकाचं हाय की."

"मोळी मालकाच्या डोक्यावर हाय का माज्या?"

ट्रकातली माणसं हसली, तिचा नवराही हसला. दत्तरावनं माझ्याकडं पाहिलं, शिवी तोंडातच ठेवली आणि वही उघडली. नर्मदाबाईनं लिहिलेलं सृष्टीकडून वाचून घेतलं. तिच्यामागं आणखी सहा जणी आल्या. बाकीच्या चौदा तशाच चढल्या.

सृष्टी ट्रकात बसली नाही. ती गंगाखेडला अकरावीला आहे. मी वीटभट्टीवर बसून करायचं काम धरलंय, दत्तराव दर महिन्याला येऊन त्यातून उचलीचा हप्ता घेऊन जातो. दर वेळी तोच सहीचा कागद पुढं करतो. मी पैसे देतो, कागद परत करतो.

कारखान्याकडून उत्तर आलेलं नाही. कामगार खात्याकडं दिलेल्या दुसऱ्या अर्जाचंही नाही. पोलिसांच्या कागदावर सुकेशनीचा धंदा अजून घरकाम आहे, आणि कारखान्याच्या यादीत त्या अडीच महिन्यांचा ऊस अजून मीच तोडलेला आहे.