अण्णांची कॅसेट, कंपनीचं लेबल

कॅम्प चारच्या नाक्यावर स्वप्नाली रिक्षातून उतरली. मुकेशभाईच्या सीडीच्या दुकानाला पोलिसांचं सील होतं. सकाळीच जामिनावर सुटलेला मुकेशभाई शेजारच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"रेड पडली, बेटा. कॅसेट कंपनीवाला पोलीस घेऊनच आला. नकली कॉप्या, सीडी रायटर, कॅसेट, सगळं उचललं."

"आणि माझी कॅसेट?"

"तीपण गेली. मी बोललो, ये कस्टमर की है. कोण ऐकतो?"

स्वप्नालीचे वडील, हरिचंद्रअण्णा, कारखान्यातली नोकरी सांभाळून गायन पार्टीत भीमगीतं गायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज उरला होता तो त्या एका कॅसेटवर, आणि तीही आता टेपमध्ये अडकायला लागली होती. रविवारी पहिला स्मृतिदिन. वंदना झाली की अण्णांचं गाणं सगळ्यांना ऐकवायचं, म्हणून तिनं ती सीडी करायला दिली होती. आई नको म्हणत होती. स्वप्नालीनंच हट्ट केला, आणि आता तोच हट्ट तिला खात होता.

शिवाय अण्णांची काटकसर आड आली होती. कोरी कॅसेट कशाला घ्यायची? बाजारातून सिनेमाच्या गाण्यांची जुनी कॅसेट आणायची, तिच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावायची आणि वरून आपलं रेकॉर्डिंग करायचं. सगळ्या गायन पार्ट्या हेच करायच्या. त्यामुळे आत अण्णा होते आणि वर नाव त्याच कंपनीचं.

पोलीस ठाण्यात कंपनीचा माणूस जप्त मालाची पोती मोजत होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. अशा माणसांशी भांडताही येत नाही.

"लेबल आमचं आहे, मॅडम."

"आत माझे वडील आहेत. वाजवून तर बघा, साहेब."

हवालदार भला होता. त्यानं पोत्यातून कॅसेट शोधली आणि जप्तीतल्याच एका टेपमध्ये घातली. खरखर झाली. स्वप्नाली टेपवर वाकली. अडकली तर? तुटली तर? मग ढोलकी वाजली आणि ढोलकीमागून अण्णा, खणखणीत, जिवंत. स्वप्नालीचे डोळे भरून आले. वर्षभरात तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"बाबासाहेबांचं गाणं आहे की हे," हवालदार टेबलावर ठेका धरत म्हणाला. "देऊन टाका तिची तिला."

कंपनीचा माणूसही मान हलवत ऐकत होता. कडवं संपलं तसा तो हळूच तीच चाल गुणगुणला आणि त्यानं बटण दाबलं. अण्णा ओळीच्या मध्येच थांबले.

"शब्द तुमच्या वडिलांचे असतील. चाल आमच्या पिक्चरची आहे."

"सिनेमाच्या चालीवर सगळेच गातात. वस्तीत, जयंतीला. त्यात तुमचं काय गेलं?"

"ते कोर्टात सांगा. मला सोडता येत नाही."

स्वप्नालीला संताप आला. हवालदारानं तिच्याकडे न बघता कॅसेट पोत्यात टाकली आणि तोंड शिवलं. केस निकाली निघेपर्यंत मुद्देमाल इथंच, म्हणाला, आणि अशा केसेसना वर्षं लागतात. ज्या खोलीत त्यानं पोतं नेलं तिची भिंत खालपासून ओलीनं काळी पडली होती. स्वप्नाली त्या भिंतीकडे बघत राहिली.

अंबरनाथला घरी आई, सरस्वती, खिरीसाठी तांदूळ निवडत होती. लेकीचा उतरलेला चेहरा बघून तिचा हात थांबला.

"काय झालं गं? खराब झाली का?"

"नाही. वाजवून बघितली."

"आवाज आहे ना त्यांचा? पुसला नाही ना?"

"नाही, आई. अगदी साफ आहे."

आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचं सांगायला स्वप्नालीनं तोंड उघडलं, पण आई केव्हाच उठली होती. फळीवरचा टेप खाली काढून ती पदरानं धूळ पुसायला लागली.

"मग सीडीबिडी राहू दे," ती म्हणाली. "रविवारी कॅसेटच लावू."